बेतण्याचे शिक्षण : अकरावी-बारावीत न आलेला विषय

आमच्या मोहोळ तालुक्यात रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. ताट मुळासकट निघाले की कडबा पुऱ्या लांबीचा मिळतो आणि रानही मोकळे होते. पण फेब्रुवारी-मार्चपर्यंत काळ्या रानातली ओल संपलेली असते, जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि मुळे घट्ट धरून बसतात. दोन्ही हातांनी ताट धरायचे, कमरेतून वाकायचे आणि हिसका द्यायचा. दिवसभरात असे किती हिसके होतात ते मोजायला कुणाला सवड नसते. संध्याकाळी तळहातांवरचे फोड तेवढे दिसतात. या कामाला आता माणूस मिळत नाही. 'ज्वारी परवडते, काढणी परवडत नाही' असे म्हणत अनेकांनी ज्वारीचे रान कमी केले, उसाकडे वळवले.

तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालये आहेत. तिथली मुले-मुली पदार्थविज्ञानात तरफ शिकतात, बलाचे आघूर्ण काढतात, घर्षणाचे सूत्र पाठ म्हणतात. यांतल्या अनेकांच्या आया त्याच फेब्रुवारीत ज्वारी उपटत असतात. तरीही सतरा वर्षांच्या एकाही मुलाला किंवा मुलीला परीक्षेत कुणी विचारलेले नाही, की बाबा रे, हे काम हलके व्हावे म्हणून काय करता येईल, आखून, करून आणि वापरून दाखव.

असा प्रश्न विचारणारा, बोर्डाचे गुण असलेला रीतसर विषय इंग्लंडमध्ये आपल्या अकरावी-बारावीच्या वयाला शिकवला जातो. त्या विषयाची मांडणी कशी आहे, तसे आपल्याकडे काही झाले का, आणि झाले ते कुठे अडले, हे सांगण्यासाठी हा लेख. मी स्वतः बारावीपुढे शिकलेलो नाही. मोहोळात वेल्डिंगचे दुकान चालवतो आणि गेली वीसेक वर्षे मिळतील तिथून अभ्यासक्रमांची पुस्तके, आयोगांचे अहवाल आणि जुनी अवजारे गोळा करतो. तेव्हा हा अभ्यास एका कारागिराच्या बाजूने झालेला आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

विषय काय आहे

इंग्लंडमध्ये शाळेची शेवटची दोन वर्षे, म्हणजे वयाची सोळा ते अठरा, 'सिक्स्थ फॉर्म' म्हणून ओळखली जातात. विद्यार्थी साधारण तीन विषय निवडतो आणि त्यांच्या 'ए लेव्हल' परीक्षा देतो. इतिहास, गणित, रसायन यांच्या रांगेत 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी : प्रॉडक्ट डिझाइन' हाही विषय असतो. सध्याच्या रचनेत त्याचे निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या एका मोठ्या प्रकल्पाला आहेत. लेखी भागात लाकूड, धातू, प्लास्टिक, कापड यांचे गुणधर्म, उत्पादनाच्या पद्धती, सुरक्षितता, पर्यावरण आणि हिशेब येतात. एकूण गुणांपैकी १५ टक्के तर गणितावरच आहेत. तेव्हा हा विषय 'अभ्यासात कच्च्या' मुलांसाठी काढलेला नाही.

खरी गंमत प्रकल्पात आहे. काय करायचे ते शिक्षक सांगत नाहीत. विद्यार्थ्याने एखादा खरा माणूस आणि त्याची खरी अडचण शोधायची. त्या अडचणीवर बाजारात आधी काय मिळते ते पाहायचे, मोडून-जोडून तपासायचे. मग आपल्या वस्तूने काय साधले पाहिजे ते मोजता येईल अशा शब्दांत लिहायचे. 'हलकी असावी' एवढे पुरत नाही. किती वजनाच्या आत, कुणाच्या हाताला, किती किमतीत, हे लिहावे लागते. त्यानंतर अनेक कच्ची चित्रे, पुठ्ठ्याचे नमुने, मग खऱ्या मालाचा नमुना. शेवटी ती वस्तू त्याच माणसाच्या हातात द्यायची आणि आपण लिहिलेल्या अटींवर ती कुठे उतरली, कुठे नापास झाली, ते प्रामाणिकपणे मांडायचे. फसलेला नमुनाही गुण मिळवून देतो, मात्र तो का फसला हे विद्यार्थ्याला कळलेले असावे लागते. प्रकल्प शाळेतले शिक्षक तपासतात आणि त्यांतले काही नमुने मंडळ पुन्हा तपासून गुण समपातळीवर आणते.

हे सारे तिथेही सहज आले नाही. १९७०च्या दशकात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ब्रूस आर्चर यांनी मांडले, की विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या जोडीला 'डिझाइन' ही ज्ञानाची तिसरी शाखा आहे आणि ती सर्वसामान्य शिक्षणात हवी. १९८८च्या शिक्षण कायद्यानंतर राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि १९९० पासून शाळांत हा विषय सुरू झाला. पुढे २००४ मध्ये चौदा वर्षांवरील मुलांसाठी त्याची सक्ती उठली. कार्यशाळा चालवणे खर्चाचे, शिक्षक मिळणे अवघड, या तक्रारी तिथेही आहेत. आंधळे अनुकरण करावे असे ते मुळीच नाही. त्यातला 'खरा माणूस, खरी अडचण' हा गाभा मात्र पाहण्याजोगा आहे.

शब्दाचा घोळ

आपल्याकडे 'डिझाइन' म्हटले की साडीचा काठ, ब्लाउजची पाठ किंवा रांगोळी डोळ्यापुढे येते. म्हणजे नक्षी. कोशात 'संकल्पन', 'अभिकल्प' असे शब्द आहेत, पण ते बोलताना कुणाच्या तोंडी येत नाहीत. मला वाटते मराठीत यासाठी एक चांगला, वापरातला शब्द आहे : बेतणे. शिंपी कापड बेततो तेव्हा त्याच्या मनात अंग कुणाचे, कापड किती, पन्हा केवढा, उरलेल्या तुकड्यात खिसा निघेल का, हे सगळे एकाच वेळी चाललेले असते. कात्री लावण्याआधीचा तो सारा विचार म्हणजे बेतणे. नक्षी त्यानंतर.

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत मोठी वाटली ती आपली साधी लोटी, म्हणजे तांब्या. तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा राहतो, ओतताना पाणी कसे पडते, आतून हात घालून घासता येतो का, किंमत काय, असे प्रश्न त्यांनी मांडले. एका माणसाने तांब्या बेतलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांनी तो बेतला, हे त्यांचे म्हणणे. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले. म्हणजे पदवीच्या वर हा विषय आपल्याकडे साठ वर्षांपासून आहे. खाली, शाळेत, तो उतरला नाही.

आपल्याकडचा प्रवास

हात आणि डोके यांची फारकत मोडावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे असे सुचवले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम' मांडली, उद्योगातून शिक्षण ही तिची कल्पना. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचवला. त्याचे पुढे काय झाले ते चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल. खडू, मेणबत्त्या, पाकिटे आणि फिनेल. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकानातून आणलेल्या मेणबत्त्यांनीही आम्ही गुण मिळवले.

१९७५च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला. या 'अधिक दोन'मध्ये १९७८-७९ पासून द्विलक्षी अभ्यासक्रम सुरू झाले आणि १९८८-८९ पासून 'किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम', ज्याला सगळे एमसीव्हीसी म्हणत. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने १९९० पर्यंत उच्च माध्यमिकच्या दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के मुलांना व्यवसाय शिक्षणाकडे आणण्याचे ठरवले. १९९२ मध्ये त्याच टक्क्यांची मुदत पाच पाच वर्षांनी पुढे ढकलावी लागली. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असे ठरवले होते.

मी स्वतः १९८८ मध्ये अकरावीला द्विलक्षी घेतले. द्विलक्षीचे दोनशे गुण दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी येतात. यंत्र देखभाल, वीज देखभाल, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय असे विषय त्यात आहेत. शंभराच्या प्रत्येक पेपरात पन्नास लेखी, पन्नास प्रात्यक्षिक. वाचकांनी इथे थोडे थांबावे. आपल्याकडेही निम्मे गुण हाताच्या कामालाच आहेत! मग इंग्लंडच्या आणि आपल्या विषयात फरक कुठे पडला?

फरक त्या निम्म्या गुणांत काय करायचे यात आहे. आमच्या प्रात्यक्षिकात लोखंडी पट्टी कानशीने घासून चौरस करायची आणि दुसऱ्या पट्टीच्या खाचेत बसवायची. काटकोन तपासला की गुण. मी तो तुकडा आठवडाभर मन लावून घासला होता. तो कशाचा भाग आहे, असे मी विचारले, तेव्हा उत्तर आले की तो जॉब आहे. परीक्षेनंतर आमचे सगळ्यांचे तुकडे एका डब्यात गेले. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यातलेच काही पॉलिश पेपरने घासून पुन्हा दाखवले, हे मला नंतर समजले.

कानस धरायला मी तिथेच शिकलो आणि त्यावर आजवर पोट भरले, हे नाकारणार नाही. कौशल्य शिकवणे चूक नव्हते. पण अभ्यासक्रमांच्या नावातच सारे आले : देखभाल, दुरुस्ती, सर्व्हिसिंग. दुसऱ्याने बेतलेली वस्तू चालू ठेवायची, एवढीच आपल्या मुलांकडून अपेक्षा. ती वस्तू अशीच का, कुणासाठी, वेगळी करता येईल का, हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही आला नाही.

घरात चाललेला अभ्यासक्रम

तो प्रश्न मी रोज घरी ऐकत होतो. माझे वडील गावचे सुतार. तिफण करून घ्यायला कुणी आले की आप्पा लाकडाला हात लावण्याआधी विचारत, ''बैलं केवढी हायती? रान काळं का मुरमाड? यंदा हस्त पडला का?'' बैल उंच असले की दांडीचा उतार बदलायचा. ओल खाली गेली असेल तर बी खोल पडले पाहिजे, म्हणजे फणाचा कल निराळा. दोन फणांतले अंतर ते स्वतःच्या हाताने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजत. पुढे रब्बी ज्वारीसाठी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतराची शिफारस मी वाचली आणि आप्पांचा हात आठवून टेप लावला. हात म्हणजे अठरा इंच, पंचेचाळीस सेंटिमीटरच.

गिऱ्हाईक, जमीन, हवामान, माल, मोजमाप आणि वापरून पाहणे. ए लेव्हलच्या प्रकल्पातल्या सगळ्या पायऱ्या तिथे होत्या. मात्र याचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरू नयेत. आप्पांनी ते काम निवडलेले नव्हते, बलुत्याने ते त्यांच्या गळ्यात घातले होते. दुसऱ्या जातीच्या मुलाला ते शिकता येत नव्हते आणि सुताराच्या मुलीलाही नाही. दुसरे म्हणजे ते काहीही कागदावर उतरवत नसत. ट्रॅक्टरची पेरणी आली, आप्पा गेले आणि त्यांच्याबरोबर सगळी मापे गेली. शाळेत हा विषय आला असता तर जातीची भिंत ओलांडून तो सगळ्यांचा झाला असता आणि वहीत उतरून टिकला असता.

मोहोळचे आणखी एक उदाहरण तर देशभर पेरले गेले आहे. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाण १९३०च्या दशकात इथल्याच संशोधन केंद्रात, स्थानिक मालदांडीतून निवड करत करत तयार झाले. साठलेल्या ओलीवर येणारे, मोत्यासारखे टपोरे, भाकरीला गोड आणि कडबाही भरपूर देणारे. माणसाला धान्य आणि जनावराला वैरण या दोन्ही गरजा एका ताटात बेतायच्या, हे उद्दिष्ट त्यामागे दिसते. आमच्या मुलांना हे वाण माहीत आहे. ते इथे घडले हे माहीत नाही, आणि कसे निवडले गेले हे तर त्यांच्या कोणत्याच पुस्तकात नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र शाळेत सांगतात ते जिद्दीची कथा म्हणून. ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले, तोच विषय शिकवू लागले. पुढे बेळगावात सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रे केली आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे तो खपेना. शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकत त्यांनी तो सुधारला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. या गोष्टीतला खरा धडा माझ्या मते वापरणाऱ्याचे ऐकून वस्तू पुन्हा बेतण्याचा आहे.

पाबळ आणि मानखुर्द

शालेय पातळीवर या दिशेने दोन गंभीर प्रयत्न महाराष्ट्रात झाले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केली आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केले. ते सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय तयार झाला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे चार भाग. मुलांचे काम डब्यात जात नाही. गावाला लागणारी कामे शाळा पैसे घेऊन करून देते आणि त्यातून मुले शिकतात. पाबळचा घुमटाकार निवारा आणि जुन्या जीपच्या भागांपासून केलेला छोटा ट्रॅक्टर हे याच वातावरणातले. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅबही आली. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. पण ते दहावीपर्यंतचे. अकरावीच्या उंबरठ्यावर ही वाट तुटते.

दुसरा प्रयत्न मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातला. चित्रा नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००च्या दशकात पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्या असे तीन पाठ बेतले. ते शहरी इंग्रजी माध्यम, शहरी मराठी माध्यम आणि आदिवासी भागातील मराठी शाळा अशा तीन ठिकाणी मुलांबरोबर करून पाहिले. आधी गटात विचार, मग चित्र, साहित्याची यादी, कामाचा क्रम, करणे आणि एकमेकांच्या वस्तू तपासणे. मराठी माध्यमातल्या खेड्यातल्या मुलांनाही हे करता येते, हे त्यातून कागदोपत्री नोंदले गेले. पण ही मुले माध्यमिक शाळेत जायच्या वयाची होती.

आज मोहोळच्या मुलाला 'डिझाइन' प्रथम भेटते ते बारावीनंतर. २०१५ पासून आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी 'यूसीड' परीक्षा होते. ती कोणत्याही शाखेच्या बारावीला खुली आहे, पण इंग्रजीत आहे, आणि तयारीचे वर्ग पुण्या-मुंबईत. सहा महिन्यांच्या तयारीवर शहरातले मूल जिथे पोहोचते, तिथे सुताराच्या नातीला आपल्याला आधीच काय येते हेही कळलेले नसते.

पुतणीचा चिमटा

हे नुसते म्हणत बसण्यापेक्षा करून पाहावे, म्हणून माझी पुतणी अकरावी शास्त्रला असताना आम्ही ज्वारी उपटण्याचा प्रश्न घेतला. तिने तिच्या आईला आणि शेजारच्या तीन बायकांना गिऱ्हाईक मानले. वहीत अटी लिहिल्या : तळहाताला फोड येऊ नये, कंबर कमी वाकावी, ताट मोडू नये, बाईला एका हाताने उचलता यावा. असे चिमटे आधी कुणी कुणी केलेले आहेत. त्यांची चित्रे तिने जमवली. मग पुठ्ठा, मग माझ्या दुकानातली पट्टी. टाचेवर टेकणारी तरफ आणि ताट पकडायला जुन्या टायरच्या रबराची खाच.

पहिल्या नमुन्याने ताटे मोडली. खाच अरुंद होती. दुसऱ्यात ताट निसटले. तिसरा जमला. मग रानात घड्याळ लावून एकदा हाताने आणि एकदा चिमट्याने उपटून पाहिले. हात जिंकला. वहिनी म्हणाल्या, ''हातानंच बरं हाय. ह्यो लावूस्तवर चार ताटं निघत्यात.''

पोरीचे तोंड उतरले. मी म्हणालो, ''हेच लिही.'' तिने लिहिले. दोन दिवसांनी कळले, की बांधाकडच्या कडक झालेल्या पट्ट्यात, जिथे हाताने ताट येतच नव्हते, तिथे बायका चिमटा मागून नेत होत्या. तिने वहीत आणखी एक ओळ घातली : ही वस्तू सगळ्या रानासाठी नाही, कडक रानासाठी आहे. माझ्या दोन वर्षांच्या द्विलक्षीत असे एक वाक्य मला लिहावे लागले नव्हते.

या वहीला बोर्डात जागा नव्हती. बारावीला तर ती पुढे नेणेही जमले नाही, कारण ज्वारीची काढणी आणि बारावीची परीक्षा एकाच वेळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. असा विषय आपल्याकडे आणायचा तर वेळापत्रक इथल्या शेताचे धरावे लागेल. अकरावीत पेरणीला गरज शोधायची, काढणीला नमुना तपासायचा, बारावीच्या दिवाळीपर्यंत वही पुरी करायची.

नवीन इमारत लागत नाही. द्विलक्षीच्या कार्यशाळा बऱ्याच ठिकाणी आहेत, अवजारे आहेत, प्रात्यक्षिकाचे पन्नास गुणही आहेत. त्यांतले पंचवीस गुण ठरलेल्या जॉबला ठेवून उरलेले पंचवीस मुलाने शोधलेल्या गरजेला द्यावेत. विकतच्या मेणबत्तीचा धोका इथेही आहे. म्हणून गुण वस्तूच्या चकाकीला न देता फसलेल्या नमुन्यांच्या नोंदीला द्यावेत आणि ज्याच्यासाठी वस्तू केली त्या माणसाला परीक्षकापुढे दोन मिनिटे बोलू द्यावे. फसलेले तीन नमुने कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा आमच्याकडे ज्वारी गुडघ्याला लागली असेल. पुतणी आता सोलापूरला पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. चिमटा माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. मागच्या हंगामात दोघी जणी तसाच करून मागायला आल्या. ''दांडा चार बोटं आखूड करा,'' त्या म्हणाल्या. मी पुतणीला फोन लावून दिला आणि वहीत ते माप तिनेच घातले.